तारकर्लीतली खाऱ्या पाण्याची टाकी: मेलेला फिल्टर आणि नवी उभारणी

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये रात्री साडेनऊला मावसभावाचा फोन आला. "ताई, टाकीत कायतरी झाला. मासे वर येऊन तोंडां उघडतत आणि कुजक्या अंड्याचो वास येता."

दुपारच्या वादळात वीजवाहिनीवर माड पडला होता. दीडला गेलेली वीज साडेआठला आली. आल्या आल्या फिल्टर सुरू झाला आणि नळीतून काळपट पाणी टाकीत उतरलं. मी फोनवरच सांगितलं, फिल्टर बंद कर, नळ्या बाहेर काढ आणि तांब्याने टाकीतलं पाणी उचलून उंचावरून परत ओतत राहा. तो आणि मावशी आळीपाळीने दोन तास ओतत होते. बारा वाजेपर्यंत चारही मासे गेले.

मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले, कुडाळला राहते आणि बरीच वर्षं लोकांच्या टाक्या बसवून देते. तरी या टाकीची उभारणी मी केली नव्हती. भावाने ती स्वतः हौसेने मांडली होती. तारकर्ली म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. तिथे त्याचं निवास-न्याहारीचं घर आहे, तीन खोल्यांचं. २६ मेपासून ऑगस्टअखेरपर्यंत पाण्यातले खेळ, स्नॉर्केलिंग सगळं बंद असतं. पावसात आलेल्या पाहुण्यांना, विशेषतः मुलांना, समुद्राखालचं काहीतरी दाखवता यावं ही त्याची मनापासूनची इच्छा. म्हणून पडवीला लागून असलेल्या माजघरात अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच काचेची टाकी ठेवलेली. काठोकाठ भरली तर १३२ लिटर; वाळू आणि दगड गेल्यावर साधारण ११० लिटर पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा फिल्टर अंगणात उघडून ठेवला होता. हा डब्याचा फिल्टर, म्हणजे बंद झाकणाचा, टाकीखाली ठेवायचा. आत स्पंज, वर सिरॅमिकच्या नळ्या. स्पंज फेब्रुवारीपासून धुतला नव्हता. दाबला तर काळा गाळ निघाला आणि तोच वास.

काय झालं ते नीट समजून घेणं भाग होतं, कारण पुढचा सगळा आराखडा त्यावरच उभा राहणार होता. टाकीतला फिल्टर म्हणजे गाळणी, असं बहुतेक जण धरून चालतात. गाळणं हे त्याचं दुय्यम काम. माशाच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया सुटतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू स्पंजावर, नळ्यांवर, दगडांवर थर धरून राहतात आणि दोन्ही कामांना त्यांना प्राणवायू लागतो. डब्याच्या फिल्टरमधलं पाणी वाहत असेल तोवर प्राणवायू पोचतो. वीज गेली की डबा ही झाकण घट्ट लावलेली बरणी होते. आतला प्राणवायू जिवाणूच संपवतात, आणि स्पंजात चार महिन्यांचा गाळ असेल तर तो फार लवकर संपतो.

इथपर्यंत गोड्या पाण्याच्या टाकीतही हेच होतं. खाऱ्या पाण्यात पुढे आणखी एक गोष्ट घडते. समुद्राच्या दर लिटरमध्ये जवळजवळ २.७ ग्रॅम सल्फेट असतं. प्राणवायू संपल्यावर दुसऱ्याच जातीचे जिवाणू हे सल्फेट वापरू लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. कुजक्या अंड्याचा वास तो हाच, आणि माशांना तो अगदी थोडक्या प्रमाणातही घातक. शिवाय खाऱ्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो. २८ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ७.८ मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात ६.४. भावाने हाच फिल्टर आधी गोल्डफिशच्या टाकीवर तीन वर्षं वापरला होता, वीज तेव्हाही जायची, पण असं कधी झालं नव्हतं. तो पुन्हा पुन्हा हेच विचारत होता की तेव्हा कसं चाललं. उत्तर मिठात होतं.

त्या सकाळी एक गोष्ट मी ठरवली. ज्या घरात पावसाळ्यात वीज सात-सात तास जाते, त्या घरातल्या फिल्टरबद्दल पहिला प्रश्न पाणी किती स्वच्छ होतं हा नाही. वीज नसताना त्यातले जिवाणू कुठून श्वास घेणार, हा आहे. म्हणून जिवाणूंचं घर डब्यात ठेवायचं नाही. ते टाकीतच ठेवायचं, उघड्या पाण्यात, दगडांच्या अंगावर. खाली जे बसवायचं ते मदतीला.

मग प्रश्न आला दगडांचा. ओळखीच्या एकाने लगेच तयारी दाखवली, "होये तितके जिवंत दगड हाडून देतंय." प्रवाळाच्या टाकीत ज्याला जिवंत खडक म्हणतात तो म्हणजे मेलेल्या पोवळ्याचा सच्छिद्र सांगाडा आणि त्यात वस्ती केलेले जीव. मी नको म्हटलं, आणि का ते भावाला बसवून समजावलं. खडक तयार करणारी सगळी कठीण पोवळी, काळी पोवळी, अग्निपोवळी, समुद्रपंखे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मेलेला सांगाडाही त्यातून सुटत नाही. त्यात मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी त्यातच येतं. पाहुण्यांना जे दाखवायचं तेच खणून घरात आणायचं, हे मला कायदा नसता तरी पटलं नसतं. या टाकीत कठीण पोवळी ठेवायचीच नाहीत, असं आम्ही तिथेच ठरवलं. खडकातल्या कपारी, शैवालं, झिंगे, गोगलगायी आणि पैदास केंद्रात वाढलेले क्लाउनफिश एवढंच. क्लाउनफिशची पैदास करण्याचं तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे बसवलेलं आहे, समुद्रातून धरून आणायची गरज नाही.

दारचा जांभा चालेल का, हे भावाने विचारलं. तो सच्छिद्र असतो हे खरं, पण त्यात लोह भरपूर आणि पाण्यात भुकटी सुटत राहते. मला तो नको होता. काळा दगड निर्धोक, पण भरीव. जिवाणूंना फक्त बाहेरची पाठ मिळते. शेवटी आम्ही दगड घरीच केले. कालवांची आणि तिसऱ्या-शिंपल्यांची कवचं मावशीच्या परसात ढिगाने होती. ती उकळून, वाळवून कुटली. दोन भाग कवचांचा चुरा, एक भाग पांढरं सिमेंट आणि दोन भाग शिरोड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ, असं अगदी कमी पाण्यात कालवून ओल्या वाळूच्या खळग्यांत ओतलं. पुढे पाण्यात मीठ विरघळतं आणि त्याच्या जागी भोकं राहतात. दगड मजबुतीला थोडे कच्चे होतात, पण त्यांच्यावर कुणी घर बांधणार नाही. खरं काम त्यानंतरचं. ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाण्याचा पीएच बाराकडे जातो. जुलैभर आणि ऑगस्टचा बराचसा भाग हे दगड पिंपात बुडवून ठेवले, दर तीन दिवसांनी पाणी बदललं. सात आठवड्यांनी, दोन दिवस न बदललेल्या पाण्याचा पीएच ८.४ आला तेव्हा ते टाकीत जाण्याजोगे झाले.

पाण्याबद्दल मावशीशी माझं चांगलंच वाजलं. "दर्या दारात असताना मीठ इकत कित्याक घेवक होया?" तिचा प्रश्न रास्त होता. मी तिला घेऊन किनाऱ्यावर गेले आणि तिच्यादेखत पाणी मोजलं. खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर क्षार हजारी २४ आले, हवे असतात ३५. पावसात कर्लीचं गोडं, गढूळ पाणी सगळ्या किनाऱ्यावर पसरतं. जानेवारीत पाणी बरं असतं, पण त्यातही प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव असतात, ते कॅनमध्ये मरतात आणि अमोनिया होतो. बंदराजवळचं पाणी तर नकोच, होड्यांच्या तळाला लावतात त्या रंगांत बहुधा तांबं असतं आणि तांब्याने झिंगे-गोगलगायी मरतात. ज्या पाण्याचा भरवसा वर्षातले चार महिने नाही त्यावर टाकी चालवणं मला पटत नाही. आणि शिरोड्याचं मीठ पाण्यात घोळूनही समुद्र होत नाही. मिठागरात मीठ धरताना मॅग्नेशियमचा बराचसा भाग उरलेल्या कडू पाण्याबरोबर निघून जातो. म्हणून टाकीसाठीचं तयार मिश्रण घेतलं. लिटरला ३८ ग्रॅम धरून १४५ लिटरला साडेपाच किलो.

मीठ ज्या पाण्यात घोळायचं ते आरओचं. घरच्या आरओत एक बारीक गोष्ट असते: पाण्याला चव यावी म्हणून न गाळलेलं थोडं पाणी परत मिसळणारा टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा, स्क्रू. तो पूर्ण बंद केला आणि पुढे उरलेले क्षार धरणारी रेझिनची एक नळी जोडली. पाण्याचा टीडीएस ९० वरून ३ वर आला.

आता खालची टाकी, जिला सगळे संपच म्हणतात. वरच्या टाकीतलं पाणी तिच्यात उतरतं आणि साफ होऊन पंपाने परत वर जातं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, चौदा इंच उंच. त्यात आठ इंच पाणी, म्हणजे ३८ लिटर. जुन्या टाकीच्या मागच्या काचेला वरच्या बाजूला कुडाळच्या काचवाल्याकडून एक इंची पाइपाची दोन भोकं पाडून घेतली. एक रोजच्या निचऱ्याचं, दुसरं पहिलं तुंबलं तर कामाला येणारं, थोडं उंचावर. काचेला भोक न पाडता काठावर अडकवायची ओव्हरफ्लोची पेटी मिळते, पण ती वक्रनळीवर (सायफनवर) चालते. वीज जाऊन आल्यावर वक्रनळीत हवा अडकली तर खालचा पंप पाणी वर चढवत राहतो आणि ते उतरत नाही. अशा घरात ती लावूच नये, हे माझं ठाम मत आहे.

संपात पाणी आधी पांढऱ्या फिल्टर-लोकरीच्या गादीवर पडतं. ती दर तीन दिवसांनी फेकायची, धुवायची नाही. पुढे स्किमर, मग केसांच्या गुंत्यासारखं वाढणारं चिटोमॉर्फा शैवाल आणि शेवटी वर पाणी चढवणारा पंप, ताशी ५०० लिटरचा. स्किमरचं काम सोपं आणि सुंदर आहे. नळीतून बारीक बुडबुडे सोडायचे. प्रथिनं आणि तेलकट द्रव्यं बुडबुड्याच्या अंगाला चिकटतात, फेस होऊन वरच्या पेल्यात जातात. पावसाळ्यात लाटांबरोबर किनाऱ्यावर पिवळट फेस येतो तो साधारण असाच होतो. जे कुजून अमोनिया होणार होतं ते कुजण्याआधीच बाहेर निघतं, म्हणून जिवाणूंवरचा भार कमी. चिटोमॉर्फाचा दिवा रात्री लावतो, वरचा दिवसा. रात्री वरच्या टाकीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, तो त्यामुळे फारसा उतरत नाही.

खारं पाणी घालण्याआधी सगळी यंत्रणा विहिरीच्या पाण्यावर चालवून मी मुद्दाम वीज बंद केली. पाच मिनिटांत माजघरात पाणी. चूक माझीच होती. पंपाच्या नळीचं तोंड मी वरच्या टाकीत पाच इंच खोल ठेवलं होतं. पंप थांबला की तीच नळी उलटी वाहते आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली येतं. अडीच फूट गुणिले सव्वा फूट गुणिले पाच इंच म्हणजे जवळजवळ ३७ लिटर. संपात वरची मोकळी जागा २८ लिटरची. हिशेब कागदावर केला असता तर फरशी पुसावी लागली नसती. तोंड पाण्याखाली एक इंचावर आणलं, नळीला पाण्याच्या पातळीलगत सहा मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे तिथून हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो. पुन्हा वीज बंद केली, तेव्हा अकरा लिटर खाली आलं. एकदिशा वाल्व लावला नाही. खाऱ्या पाण्यात त्यावर क्षार धरतो आणि नेमक्या वेळी तो पूर्ण मिटत नाही. भोकही बुजतं, पण ते डोळ्यांना दिसतं आणि काडीने साफ होतं. दर महिन्याच्या एक तारखेला भाऊ ते साफ करतो.

जिवाणू बसवायला मासे वापरायचे नाहीत, यावर मी अडून बसले. अमोनियासाठी नवसागर वापरला, अमोनियम क्लोराइड. कल्हईवाल्याकडचा नाही, त्यात काय काय असेल सांगता येत नाही, प्रयोगशाळेच्या दर्जाचा. १४५ लिटरमध्ये दहा लाख भागांत २ भाग अमोनिया व्हायला ०.९ ग्रॅम पुरतो. सोबत माझ्या टाकीतली मूठभर वाळू. बाराव्या दिवशी अमोनिया शून्य झाला. नायट्राइट मात्र एकतिसाव्या दिवसापर्यंत हटेना. मधे गणपती येऊन गेले. घरी आलेला प्रत्येक जण रिकामी टाकी बघून मासे कधी आणणार ते विचारायचा आणि भाऊ माझ्याकडे बघायचा. चौतिसाव्या दिवशी पुन्हा ०.९ ग्रॅम घातला, चोवीस तासांत दोन्ही शून्य. मग क्लाउनफिशची जोडी, महिन्याभराने गोबी हा छोटा मासा आणि दोन झिंगे.

विजेची सोय करताना घरच्या इन्व्हर्टरवर टाकी टाकायचा मोह झाला होता. पण त्यावर तीन खोल्यांचे पंखे. चार-पाच तासांत बॅटरी बसते. म्हणून टाकीला स्वतंत्र १२ व्होल्ट, ४२ अँपिअर-तासाची बॅटरी दिली, आणि तिच्यावर फक्त दोन गोष्टी: वरच्या टाकीतला ९ वॅटचा लाटांचा पंप आणि संपातला हवेचा छोटा पंप. स्किमर, दिवे, मुख्य पंप वीज नसताना बंदच. दगडांवरचे जिवाणू आणि मासे दोघांनाही हवं असतं ते हलतं पाणी आणि हवेला लागून सतत बदलणारा पृष्ठभाग, आणि ते एवढ्यावर मिळतं.

पुढच्या जुलैत परीक्षा झाली. वीज रात्री नऊला गेली ती दुसऱ्या दिवशी अकराला आली. चौदा तास. मी सकाळी भावाला अमोनिया तपासायला लावलं, शून्य. बॅटरीतला जेमतेम तिसरा हिस्सा खर्च झाला होता. एक गोष्ट मात्र चुकली होती. वीज आली तेव्हा संपात वरून उतरलेलं पाणी होतं, पातळी नेहमीपेक्षा उंच, आणि त्या उंच पाण्यात स्किमर सुरू झाल्याने पेला भरून सगळी घाण परत संपात वाहिली. आता स्किमरला दहा मिनिटं उशिरा सुरू करणारा टायमर आहे.

दुसरी घटना मला जास्त लागली. ऑगस्टमध्ये एका सकाळी दोन्ही झिंगे मेलेले सापडले, मासे ठीक. पाण्याच्या सगळ्या चाचण्या चांगल्या. मी मावशीला आदल्या रात्रीचं सगळं विचारत गेले तेव्हा कळलं, पाहुण्यांना डास चावत होते म्हणून माजघरात दोन कॉइली लावल्या होत्या आणि फवाराही मारला होता. डासांच्या औषधांतली पायरेथ्रॉइड द्रव्यं माशांना वाईट, आणि कीटकांच्या नात्यातल्या झिंग्यांना तर फारच. आणि स्किमर खोलीतली हवा ओढून, बारीक बुडबुडे करून, रात्रभर त्या पाण्यात घुसळत होता. मी बसवलेला फिल्टरच विष आत आणत होता. सिद्ध करायला माझ्याकडे साधन नाही, पण मला शंका उरलेली नाही. स्किमरची हवेची नळी दुसऱ्याच दिवशी भिंतीतून बाहेर, पागोळीखाली काढली, तोंडाला जाळी लावली. संपात कोळशाची पिशवी टाकली. माजघरात औषध बंद, खोल्यांत मच्छरदाण्या. बाहेरची ताजी हवा मिळू लागल्यावर पीएच ८.० वरून ८.२ झाला, तो वेगळा फायदा. डिसेंबरमध्ये नवे झिंगे आणले, ते अजून आहेत.

सध्या नायट्रेट १५च्या आसपास राहतं. आठवड्याला दोनदा मावशी कोळंबीचा बारीक तुकडा घालते, मुलं हट्ट करतात तेव्हा तीनदा. पंधरा दिवसांनी १५ लिटर पाणी बदलतो, चिटोमॉर्फाची मूठभर कापणी होते.

उन्हाळ्याचं मात्र मिटलेलं नाही. पंख्याने पाणी थंड होतं ते बाष्पीभवनाने, आणि दमट हवेत ते फारसं होत नाही. जानेवारीत टाकीतून दिवसाला अडीच लिटर पाणी उडतं, मेमध्ये पंखा दिवसभर लावूनही दीडच्या वर जात नाही. गेल्या मेमध्ये दुपारी पाणी ३०.८ अंशांवर गेलं. मासे खात होते, पण गोबी दिवसभर पंपाच्या झोताजवळ बसून होता, म्हणजे त्याला प्राणवायू कमी पडत होता. दिवे दोन तास कमी केले, टाकीमागच्या भिंतीवर बाहेरून झावळ्यांची ताटी बांधली, त्याने पाऊण अंश उतरला. चिलर घ्यावा असं माझं म्हणणं आहे, पण तो बॅटरीवर चालणार नाही आणि त्याची गरम हवा माजघरातच पडेल. भाऊ म्हणतो, "ताई, टाकी मागल्या पडवीत न्हेवया, थंय वारो येता." तिथे वारा आहे, पण पावसाची झडही आहे. मार्चमध्ये मी आठ दिवस तिथे दोन थर्मामीटर लावून ठेवणार आहे, एक माजघरात, एक पडवीत.